गौरीपुढचे फोन

चैत्र आला की मला कैरीच्या आधी फोन आठवतात. बायकांना सांगितलं तर हसतात. हसू देत.

परवा वारज्याला मीनलच्या घरी गौर बसवली. मीनल माझी मुलगी. मी तिच्याकडे राहते. हळदीकुंकवाला सोसायटीतल्या बायका आल्या, सोफ्यावर बसल्या, आणि बसल्या बसल्या प्रत्येकीने पर्समधून फोन काढून समोरच्या टेबलावर ठेवला. सगळे सारखे. काळे, चपटे, पाटीसारखे गुळगुळीत. मागच्या वर्षी दोघी एकमेकींचे उचलून निघाल्या होत्या, लिफ्टपासून परत आल्या. मी पन्ह्याचे पेले मांडताना त्या टेबलाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बरं आहे तुमचं. आयतं आहे.

मोबाइल नवे होते तेव्हा एकासारखा दुसरा नव्हता. कुणाचा साबणाच्या वडीसारखा. कुणाचा चष्म्याच्या घरासारखा उघडायचा आणि टप्प करून मिटायचा. एखादा काडेपेटीसारखा सरकायचा. कुणाची बटणं दाताएवढी, कुणाची तिळाएवढी. पडदा कुठे पोस्टाच्या तिकिटाएवढा, कुठे त्याच्या दुप्पट, कुठे रंगीत, कुठे शेवाळ्यासारखा हिरवट. लोक त्याला कातडी घर शिवून घेत, कमरेला लावत, आणि रस्त्यात उभं राहून असे बोलत की पलीकडच्या माणसाला फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

मी हे सगळं इतकं बघून ठेवलंय, कारण एका उन्हाळ्यात ते आमच्या घरात राहायला आलं होतं.

तेव्हा आम्ही शनिवार पेठेत होतो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि रस्त्यावर गॅलरी. मी चौथीपर्यंत शिकलेली. भाजणी, मेतकूट, सांडगे करून विकायची. हे छापखान्यात होते, तेव्हा निवृत्त झालेले. मीनल एकुलती. त्या वर्षांत पुण्याला एक वारं लागलं होतं. बाजार खुला झाला म्हणत, परदेशी कंपन्या आल्या, हिंजवडीला शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्या घरातलं कुणी अमेरिकेत नाही, त्या घराची लोक अशी चौकशी करत की जणू घरात आजारपण आहे. मीनलला हिंजवडीला नोकरी लागली तेव्हा मी पेढे वाटले होते. ती तिने सोडली तेव्हा काय वाटायचं ते कुणी सांगितलं नाही.

"सोडलीस?"

"सोडली. मला फोनवरचे खेळ करायचेत."

"खेळ."

"हो."

"इंजिनिअर होऊन."

"आई, खेळ इंजिनिअरच करतात."

"मग त्यांच्या आया लोकांना काय सांगतात?"

ती हसली. मी खरंच विचारत होते.

तिच्याबरोबर गजानन आला. तिच्याच ऑफिसातला, अकोल्याचा, त्यानेही नोकरी सोडलेली. वारज्याला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या, तिथे तिघांत मिळून एक खोली घेऊन राहायचा आणि सकाळी बसने यायचा. दारात चपला काढल्या की जोडीने सरळ लावायचा. एवढ्यावर मी त्याला घरात घेतलं. पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आले, त्यांच्या तारा आल्या, आणि आमचा पंखा तिकडे गेला. कॉम्प्युटर तापले की खोलीला एक वास यायचा, इस्त्री करताना येतो तसा. माझ्या भाजणीचा खमंग वास आणि हा, दोन्ही दुपारभर एकमेकांत भांडत.

खालच्या मजल्यावर सुमनताई राहायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे चौकशीला मोकळ्या.

"मालतीबाई, मीनल सध्या काय करते?"

"खेळ करते."

"खेळते?"

"करते."

"म्हणजे घरीच बसते."

"तुम्हीपण घरीच बसता."

असं आमचं जिन्यात चालायचं. त्यात वैर नव्हतं. पेठेत याला बोलणं म्हणतात.

करते म्हणजे काय करते, हे मलाही नीट माहीत नव्हतं. एकदा चहा देताना मी गजाननला विचारलं. तो समजावून सांगणारा मुलगा, आणि त्याचं ऐकायलाही बरं वाटायचं.

"काकू, असं पाहा. खेळ एकच हाये. पण फोन पन्नास तऱ्हेचे. याचा पडदा लहान, त्याची बटणं उलटी, तिसऱ्याले आवाजच समजत नाही. प्रत्येकासाठी खेळ नव्यानं लिहीत बसलो तर म्हातारे होऊन जाऊ. म्हणून आम्ही मधात एक थर टाकून राहिलो. खेळ त्या थराशी बोलते, अन् थर फोनशी बोलते. ज्याची जशी तऱ्हा तसं."

"म्हणजे सून," मी म्हटलं.

"जी?"

"सासऱ्यांना बिनसाखरेचा, दिराला कडक, सासूला उकळता. पातेलं एकच. आणि चहा चांगला झाला तर नाव पातेल्याचं."

गजानन हसला. मीनलने कॉम्प्युटरवरून मान न काढता सांगितलं, "आई, तसं नाहीये." थोड्या वेळाने म्हणाली, "अगदीच नाही असंही नाही."

खेळ सागरगोट्यांचा होता. ही कल्पना मीनलची. माझे लहानपणचे सागरगोटे मी मेतकुटाच्या एका रिकाम्या डब्यात ठेवले होते. राखाडी, गार, हाताला गुळगुळीत. फरशीवर घासले की असे तापतात की चटका बसतो. आम्ही शाळेत एकमेकींच्या दंडाला लावायचो. मीनलने मला जमिनीवर बसवलं आणि खेळायला लावलं. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन. बसले ते उठताना गुडघे बोलले, पण हात विसरले नव्हते.

"आमच्याकडे याले गजगे म्हणतेत," गजानन म्हणाला. "आजी खेळे माझी."

"आई, गोटा वर किती वेळ राहतो?" मीनलने विचारलं.

"खालचा उचलून होईपर्यंत."

"हे उत्तर उपयोगाचं नाही."

मग ते दोघं मला तसंच खेळायला लावून घड्याळ धरून बसले. मी पुन्हा पुन्हा उडवत राहिले. फोनवर तो खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा पडद्यावर एक हात होता. बांगड्यांचा. मी माझ्या हाताकडे पाहिलं.  

मुंबईची एक कंपनी लोकांच्या फोनवर खेळ पुरवायची. त्यांना हा आवडला. पण ते म्हणाले, तुमच्याकडच्या चार फोनवर चालतो हे आम्हाला पुरत नाही. लोकांच्या हातात जे फोन आहेत त्या सगळ्यांवर चालला पाहिजे, कुठेही अडकता कामा नये. मे महिना लागताना परत या, तेव्हा अडकला तर आम्ही दुसरीकडे बघू. हिंजवडीच्या जुन्या साहेबांनीही मीनलची जागा तेवढ्यापुरतीच धरून ठेवली होती. गजाननच्या वडिलांनी अकोल्याच्या दुकानात त्याच्यासाठी खुर्ची मांडूनच ठेवली होती. म्हणजे ते दोघं, तो मधला थर आणि तो बांगड्यांचा हात, सगळं त्या एका होकारावर टांगलेलं होतं.

आणि मी माझी एक मुदत घातली. आमच्याकडे गौर पुढच्या खोलीत बसते. चैत्रात तिजेला बसवायची, अक्षय्यतृतीयेला उठवायची. मी कॉम्प्युटर एका भिंतीला सरकवायला लावले, दुसऱ्या भिंतीला पायऱ्या मांडल्या, वर पितळी झोपाळा, त्यात अन्नपूर्णा. आणि दोघांना सांगितलं, "गौर उठेल तोवर झालं तर झालं. नाहीतर तिच्याबरोबर तुम्हीही उठा."

रागाने म्हटलं नव्हतं. मला माझी खोली हवी होती, आणि अधांतरी गोष्टी मला चालत नाहीत. मीनल "ठीक आहे" म्हणाली. तिलाही चालत नाहीत. ते माझ्याकडूनच आलंय.

अडचण फोनची होती. इतके तऱ्हेतऱ्हेचे फोन आणायचे कुठून? एका दुपारी मी मंडईत कैऱ्या घ्यायला निघाले तेव्हा मीनल बरोबर आली. कैऱ्यांची पिशवी घेऊन आम्ही बुधवार पेठेत एका फोनच्या दुकानात शिरलो. काचेखाली हारीने फोन मांडलेले. दुकानदार पेपर वाचत होता.

"घ्यायचाय की बघायचाय?"

"बघायचाय," मीनल म्हणाली. "त्यात आमचा एक खेळ टाकून बघायचाय. लगेच काढून देते."

"मॅडम, साडीच्या दुकानात साडी नेसून बघता का?"

"बघतात की," मी म्हटलं. "आरसा कशाला लावलेला असतो?"

"खांद्यावर टाकून बघतात, आजी. नेसून नाही."

बरोबर होतं त्याचं. आम्ही निघालो. अशीच आणखी दोन-तीन दुकानं झाली. ऊन असं होतं की रस्त्यातलं डांबर चपलेला धरत होतं.  मीनल घरी येऊन माठातलं पाणी प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून कामाला बसली.

मी कैऱ्या किसायला घेतल्या. हळदीकुंकू शुक्रवारी होतं. किसता किसता मी मनात बायका मोजत होते, डाळ किती भिजवायची त्यासाठी. सुमनताई. त्यांना मुलाने उघडझापीचा फोन पाठवलाय. नारायण पेठेतली शैला. तिच्या यजमानांचा कमरेला असतो. कोपऱ्यावरच्या वाण्याची बायको. तिच्या मुलाचा सरकणारा आहे. मग माझा हात थांबला.

"मीनल, इतके फोन बुधवारात नाहीत तितके शुक्रवारी आपल्याकडे येऊ शकतात."

तिने वळून पाहिलं. "आई, हळदीकुंकवात?"

"गौरीला चालेल. महिनाभर नुसती झोपाळ्यावर बसून असते. तिलाही बघायला काहीतरी."

आमंत्रणाला मी स्वतः गेले. कुंकू लावायचं, "शुक्रवारी चारनंतर या" म्हणायचं, आणि जाता जाता, "येताना घरातला फोन आणा."

"फोन यांचा असतो हो," शैला म्हणाली. "ऑफिसची माणसं दिवसभर करत असतात."

"एक दुपार फोनशिवाय ऑफिस बुडत नाही म्हणावं."

सुमनताईंनी चष्मा वर केला. "हळदीकुंकू आहे की फोनचं प्रदर्शन?"

"दोन्ही. डाळ एकच आहे."

शुक्रवारी त्या सगळ्या आल्या. फोन घेऊन. कुणी रुमालात गुंडाळून, कुणी ब्लाउजमध्ये, एकीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलेलं. मी पितळी परातीत पंचा घालून ती गौरीपुढे ठेवली, कारण एकीकडे भिजलेले हरभरे, दुसरीकडे गुलाबपाणी. परातीत फोन चढत गेले. वेगवेगळ्या रंगांचे, आकारांचे, फळांच्या टोपलीसारखे. कुणाचा कोणता हे कुणाला सांगावं लागलं नाही. मोगरा, कैरी, वाळा आणि तापलेले कॉम्प्युटर, असा तो वास मला अजून वेगळा काढता येतो.

हळदीकुंकवाला पुरुष नको, म्हणून हे गॅलरीत आणि गजानन स्वयंपाकघरात पडद्यामागे. मीनल परातीतून एकेक फोन उचलून त्यात खेळ घालत होती. काहींना तार लागायची. काही फोन नुसते तोंडाला तोंड लावून ठेवायचे, दोन बायका कानगोष्ट करतात तसे, आणि खेळ यातून त्यात जायचा. जिथे अडेल तिथे ती पडद्याआड फोन द्यायची आणि एक हात तो घ्यायचा.

"पडद्यामागे कोण आहे हो?" सुमनताईंनी विचारलं.

"गजानन."

"गौरीबरोबर गणपतीही बसवलात का यंदा?"

सगळ्या हसल्या. पडद्यामागूनही हसू आलं.

मग बायका खेळायला लागल्या. मला वाटलं होतं, लाजतील, नको म्हणतील. पण सागरगोटे म्हटल्यावर कोण थांबतंय? "अगं, दोन उचल, दोन." "माझं बोट त्या बटणावर मावत नाही." "सुटला! मेला सुटला." डाळ वाट्यांत तशीच राहिली. मीनल बायकांमागे उभी राहून खांद्यांवरून बघत होती. शेवाळी पडद्यावर चालला, रंगीत पडद्यावर चालला, उलट्या बटणांवर चालला. तिचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. स्वयंपाकघराच्या पडद्याची फट रुंदावत गेली आणि गजानन त्यातून निम्मा बाहेर आला.

तेवढ्यात शैलाच्या हातातला फोन वाजला.

"हॅलो. नाही, साहेब नाहीयेत. मी त्यांची मिसेस. नाही हो, साहेबांची तब्येत चांगली आहे, फोन मी आणलाय. हळदीकुंकवाला. हो. हळदी. कुंकवाला. सांगते त्यांना." फोन ठेवून तिने त्याच्या पडद्याकडे पाहिलं. "अगं मीनल, माझा खेळ गेला."

मग वाण्याच्या बायकोचा वाजला. तिचा फोन नंतर पांढरा फटक पडला. मग सुमनताईंचा. मुलाचाच होता. त्या ऐटीत बोलल्या, टप्प करून फोन मिटला, परत उघडला. गोटा वर गेलेला होता, तो तिथेच. खालचा हात तसाच पसरलेला. कोणतंही बटण दाबा, गोटा खाली येईना. शेवटी मागचं झाकण काढून बॅटरी उपसावी लागली.

त्या दोघांकडे जे चार फोन होते त्यांवर असं होत नव्हतं. त्यांवर त्यांनी एकमेकांना फोन करून पाहिलेलं होतं, खेळ नीट थांबायचा, नीट सुरू व्हायचा. मधला थर तेवढं सांभाळतो म्हणून ते निर्धास्त होते. पण मध्येच फोन आला हे खेळाला कळवायची रीतही प्रत्येक फोनची वेगळी निघाली. कुणी आधी सांगतो, कुणी नंतर, कुणी सांगतच नाही. आणि नवऱ्यांचे फोन बायकांच्या हातात भरदुपारी आल्याशिवाय इतके कॉल कुठून येणार? मीनलला दिवसभरात कुणी फोन करत नसे. मी तिला हाक मारत असे.

सुमनताईंनी फोन मिटून मांडीवर ठेवला आणि भरल्या खोलीत म्हणाल्या, "मालतीबाई, तुमच्या मुलीचा खेळ अर्धवट आहे."

  मी मीनलकडे पाहिलं. मला तिचा चेहरा माहीत आहे. दहावीत गणिताचा पेपर अवघड गेला तेव्हा असाच झाला होता. मी तोंड उघडणार होते. सुमनताईंना द्यायला माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते त्यांना झोंबलं असतं.

पण तीच बोलली.

"हो काकू, अर्धवट आहे," ती म्हणाली. "मला परत एकदा तसंच करून दाखवाल? कुणीच जाऊ नका. सगळ्यांनी दाखवा."

पेढे मी नोकरीचे वाटले होते. वाटायला हवे होते त्या "हो"चे. इतक्या बायकांत, हळदीकुंकवाच्या दिवशी, लग्नाला झालेली मुलगी, ना रडली ना कारणं देत बसली ना दार लावून आत गेली. चूक आहे म्हणाली आणि कामाला लागली. माझ्या माहेरी-सासरी असं "हो" म्हणणारं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. मीसुद्धा म्हणाले नसते.

मग पुढचे दोन तास आमच्या खोलीत जे चाललं ते गौरीने आजवर पाहिलं नसेल. पुन्हा पुन्हा कॉल यायला हवे होते, तर मी यांना गॅलरीतून आत आणून आमच्या घरच्या फोनपाशी बसवलं. बायका नंबर सांगायच्या, हे फिरवायचे. छापखान्यातला माणूस, शिस्तीचा. समोर चार हातांवर बसलेल्या बाईला फोन लावायचे आणि विचारायचे, "नमस्कार. आपण कोण बोलताय?"

"अहो, मी शैला. समोर बसलेय."

"बरं. ठेवा."

गजानन पडद्याबाहेर येऊन बायकांत मांडी घालून बसला. "कोणता हाये हा? गोटा कुठं अडकला? वर का खाली?" बायका त्याला डॉक्टरला दाखवावं तसं दाखवत होत्या. शैलाने त्याच्या हातात डाळीची वाटी दिली. ओटी भरून घेता घेता वाण्याच्या बायकोने फोन चुकून हरभऱ्यांत टाकला, तो पुसून पुन्हा चालू केला, तर त्यातला खेळ तेवढा बिनतक्रार चालला. याचं कारण दोघांनाही सांगता आलं नाही.

त्यानंतरचे दिवस गौर झोपाळ्यावर आणि ही दोघं भिंतीकडे तोंड करून. मी रोज गौरीला ताजं फूल वाहायची आणि तिथूनच त्यांच्या पाठी बघायची. मधला थर त्यांनी पुन्हा उकलला. उकलून पुन्हा विणला. शैला रोज संध्याकाळी यजमान आले की त्यांचा फोन पाठवायची. वाण्याचा मुलगा दुकान बंद झाल्यावर स्वतः यायचा. सुमनताई जिन्यात गाठायच्या.

"माझा गोटा पडला का?"

"अजून वरच आहे."

"मान दुखली असेल त्याची."

अक्षय्यतृतीयेला मी कुणाला बोलावलं नव्हतं. एका चैत्राला एकच हळदीकुंकू. पण चार वाजता सुमनताई आल्या, मागून शैला, मागून बाकीच्या. गौरीला निरोप द्यायला आलो म्हणाल्या. सगळ्यांच्या मुठीत फोन होते. मी पन्हं करायला उठले. गूळ होता, कैऱ्याही होत्या. परात पुन्हा मांडली. यांनी न सांगता फोनपाशी खुर्ची ओढली.

शैलाचा झाला. वाण्याच्या बायकोचा झाला. कॉल यायचा, बोलणं व्हायचं, आणि खेळ जिथे सोडला तिथे उभा असायचा.  सगळ्या सुमनताईंची वाट बघत होत्या. त्यांनी गोटा उडवला. यांनी नंबर फिरवला. फोन वाजला.

"नमस्कार. आपण कोण?"

"सुमन. ठेवते."

टप्प. फोन मिटला. त्यांनी तो क्षणभर मुठीत धरला आणि मग उघडला. आम्ही सगळ्या वाकलो. गोटा वर होता. खाली बांगड्यांचा हात. पडद्यावर लिहिलेलं, खेळ थांबला आहे. सुमनताईंनी बटण दाबलं. गोटा खाली आला, हाताच्या बाजूने गेला आणि जमिनीवर पडला. त्यांना झेलता आला नाही.

"सुटला," कुणीतरी म्हणालं.

"सुटला," सुमनताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण पडला हो, मालतीबाई. पडला."

दिवेलागणीला मी गौर झोपाळ्यातून काढली, पुसली, डब्यात ठेवली. पायऱ्या उतरवल्या. भिंत मोकळी झाली. दुसऱ्या भिंतीकडे ही दोघं बसलेलीच होती, बटणांचा टकटक आवाज चालू. मी केरसुणी घेऊन त्यांच्या पायांखालून केर काढला. त्यांनी पाय वर घेतले. उठा म्हणाले नाही.

मुंबईच्या कंपनीने खेळ घेतला. सागरगोटे थोडे दिवस लोक खेळले, मग दुसरं काही खेळायला लागले. पण तो मधला थर, कोणत्याही फोनवर कॉल झेलून खेळ जिथल्या तिथे धरून ठेवणारा, तो दुसऱ्यांनीही त्यांच्या खेळांसाठी घेतला. बरीच वर्षं त्यावर त्यांची कंपनी चालली, वाढली, वारज्याला गेली. आम्हीही मीनलच्या मागे तिकडे गेलो. हे तिथेच वारले. गजानन अजून तिच्याबरोबर आहे. चपला अजून सरळ लावतो.

आता तो थर लागत नाही म्हणते मीनल. फोनच सगळे एका साच्यातले झाले, त्यांच्यासाठी वेगळी कामं निघाली, ती आता मीनलची कंपनी करते. तो सागरगोट्यांचा खेळ आज कोणत्याही फोनवर चालत नाही. ज्या फोनवर चालायचा ते भंगारात गेले. मीनलला याचं वाईट वाटतं का, मी एकदा विचारलं. "तुझी भाजणी कुठे शिल्लक आहे?" ती म्हणाली. खरं आहे. लोकांनी खाल्ली, संपली. चांगली होती एवढं मला माहीत आहे.

सुमनताई शेवटपर्यंत शनिवार पेठेतच राहिल्या. त्यांच्याकडे कुणी पाहुणा मोबाइल काढून बसला की सांगायच्या, "फोनवरचा खेळ आमच्या इमारतीत झालाय." आमच्या, म्हणायच्या. मी कधी दुरुस्त केलं नाही.

परवा हळदीकुंकवात शेजारच्या फ्लॅटमधली नवी मुलगी सोफ्याच्या टोकाला बसली होती. लग्न होऊन नुकतीच आलेली, इतक्या बायकांत कुणाशी काय बोलावं ते न कळून फोनवर काहीतरी रंगीत फोडत होती. मध्येच तिला कॉल आला. आईचा असावा. "हो गं, आलेय. हो, साडीच नेसलेय. ठेवते." तिने फोन ठेवला आणि परत पडद्याकडे पाहिलं. खेळ जिथे सोडला होता तिथे तिची वाट बघत थांबलेला होता. तिने बोट ठेवलं आणि पुढे खेळायला लागली. तिला त्यात काही वाटलं नाही. वाटायचं कारणही नाही. तो काही मीनलने केलेला नव्हता.

मी हरभऱ्यांचं पातेलं घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने घाईघाईने फोन बाजूला ठेवला आणि पदर पुढे केला. मी ओंजळभर घातले. मग आणखी एक ओंजळ.

"आजी, पुरे," ती म्हणाली.

"असू देत," मी म्हटलं, आणि आणखी घातले.